बॉनेटवरचं नाक

माझ्या घरात वस्तू हरवत नाहीत. जागेवरून हलल्या, तर कुणी हलवल्या हे मला तासाभरात कळतं. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका सकाळी विणकामाच्या पिशवीतली लोकर कमी दिसली, तेव्हा ती हरवली असं मी म्हटलं नाही. कुणीतरी घेतली, असं म्हटलं. तुम्हा नातवंडांतल्या थोरल्याच्या स्वेटरची उरलेली पोपटी आणि धाकटीच्या टोपीची गुलाबी, अशा दोन गुंडाळ्या मी वेगळ्या ठेवल्या होत्या. दोन्हींची टोकं कात्रीने सरळ कापलेली होती आणि मी इतकी सरळ कापत नाही. त्याच दिवशी खणातली चिकटपट्टी संपत आलेली सापडली. रद्दीत ठेवलेल्या पेढ्यांच्या खोक्याला झाकण नव्हतं.

घरात आम्ही दोघंच. म्हणजे संशयित एकच.

मी काही विचारलं नाही. इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना एक गोष्ट मी शिकले. मुलाला लगेच विचारलं तर तो लगेच उत्तर तयार करतो. थोडं थांबलं तर वस्तू आपणहून बाहेर येते. ती दुसऱ्याच दिवशी आली. दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर पोर्चमध्ये गाडी उभी होती आणि तिच्या बॉनेटवर, पुढच्या जाळीपासून थेट काचेपर्यंत, बोटभर लांबीचे लोकरीचे तुकडे ओळीने चिकटवलेले होते. एक ओळ गुलाबी, एक पोपटी. तुमचे आजोबा स्टुलावर बसून फुटपट्टीने दोन तुकड्यांमधलं अंतर मोजत होते.

"चहा झाला का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

आता गाडीबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. गाडी माझी आहे. कागदोपत्रीही माझीच. निवृत्त झाले त्या वर्षी घेतली. चंदेरी, लहान, पेट्रोलवर चालणारी, सिग्नलला उभी राहिली तर आजूबाजूला तशाच दोन दिसतील अशी साधी गाडी. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आजोबांनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हापासून चालवते मीच. दर गुरुवारी मी नाशिकहून पेठ रस्त्याने निघते, सावळघाट चढते आणि पलीकडच्या एका आश्रमशाळेत मुलींना इंग्रजी शिकवते. जायला एसटी आहे, पण परतीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. गाडी नसेल तर गुरुवार नाही, इतकं ते सरळ आहे.

तुमच्या बाबांना हे पसंत नाही. दर रविवारी फोनवर ते तब्येत विचारतात, हवापाणी विचारतात आणि मग गाडीवर येतात. यंदा त्यांना एक कारण सापडलं होतं. गाडीला मार्चमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पंधरा वर्षांनंतर गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, ती पास झाली तर आणखी पाच वर्षं चालवायला मिळते. तुमच्या बाबांचं म्हणणं, त्या भानगडीत पडूच नये. गाडी काढून टाकावी. हल्ली मोबाइलवर बोलावली की गाडी दारात येते. मी म्हटलं, घाटापलीकडे येत नाही. ते म्हणाले, "आई, घाटापलीकडे जायलाच हवं का?" तो प्रश्न नव्हता, म्हणून मी पुन्हा हवापाण्यावर आले.

त्यातच संक्रांतीनंतर गाडी तापायला लागली. सपाट रस्त्यावर काही नाही, पण घाटाच्या तिसऱ्या वळणाला तापमानाचा काटा जो चढायचा तो लाल रेघेपाशी जाऊन थांबायचा. पहिल्या वेळी मी वरच्या चहाच्या टपरीशी गाडी उभी केली. टपरीवालीने बॉनेटवर हात धरून पाहिला आणि पटकन मागे घेतला. म्हणाली, "आजी, लय तापली हाय. पाण्याचं झाकण आत्ता नको उघडू, वाफ तोंडाव यील." अर्धा तास मी तिच्या बाकावर बसून वह्या तपासल्या. घरी आल्यावर आजोबांनी पाण्याचा रिकामा कॅन पाहून विचारलं, म्हणून त्यांना सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही.

त्या रविवारी तुमचे बाबा म्हणाले, "घाटात गाडी बंद पडली म्हणे."

टपरीवालीकडे तुमच्या बाबांचा नंबर नाही.

गॅरेजमध्ये दाखवलं. पाणी, पंखा, पंप सगळं तपासून झालं. मेकॅनिक म्हणाला, काकू, गाडीचं वय झालं. मला हे उत्तर आवडत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. गाडीची माझी एक वही आहे. तेल कधी बदललं, टायर कधी फिरवले, कुठल्या दिवशी कुठला आवाज आला, सगळं तारखेसह. ती वही मी तीनदा पहिल्या पानापासून वाचली. संक्रांतीच्या आधीच्या सहा महिन्यांत गाडीला कुणी काही केल्याची नोंद नव्हती.

आणि आता ही लोकर.

आजोबांनी चहा पिता पिता सांगितलं की ते बॉनेटला स्कूप बसवणार आहेत. म्हणजे वर एक उघडं तोंड. तुमचे आजोबा सातपूरच्या एका कंपनीत टूलरूममध्ये होते हे तुम्हाला माहीत आहे. यंत्रांचे साचे आणि हत्यारं बनवायचं ते काम, केसाइतकी चूक झाली तरी माल फेकावा लागायचा. त्यांचं म्हणणं असं. चढावर गाडी हळू जाते, समोरून येणारी हवा कमी पडते आणि इंजिनाची गरम हवा झाकणाखाली कोंडून राहते. वरून तोंड दिलं की गार हवा थेट आत शिरते आणि गरम हवेला खालून बाहेर ढकलते.

"म्हणजे बॉनेट कापणार," मी म्हटलं.

"भोक पाडणार."

"भोक कापूनच पडतं."

"कॉलेज रोडवर पोरं चिकटवून फिरतात ते नाही हं," ते म्हणाले. "त्यातून माशीसुद्धा आत जात नाही. हे काम करणारं असेल."

लोकर होती ती हवा कुठून कशी वाहते हे बघायला. गंगापूर रस्त्याने धरणाच्या दिशेने मी गाडी चालवली, आधी चाळीसने, मग साठने, आणि आजोबा शेजारी बसून बॉनेटकडे बघत आकृती काढत राहिले. मला संशय आला असला तरी खोटं कशाला सांगू, बघायला छान होतं. पुढच्या अर्ध्यातली लोकर निजलेल्या पोरासारखी बॉनेटला चिकटून पडली होती. काचेजवळची मात्र उभी राहून गरगर फिरत होती. पुढे हवा सरळ जाते, तिथेच तोंड द्यायचं, असं आजोबांनी ठरवलं. परत येताना सिग्नलला एक मोटारसायकलवाला शेजारी थांबला. त्याने बॉनेट पाहिलं, मला पाहिलं आणि विचारलं, "आजी, कसला नवस आहे?"

आजोबांनी काच खाली केली. "काटा खाली यावा म्हणून," ते म्हणाले. तो हात जोडून निघून गेला.

घरी आल्यावर मी एकेक तुकडा काढून डबीत भरला आणि विचार करू लागले. जो माणूस गाडी चालवत नाही, ज्याला गुरुवारी घरी एकट्याने जेवायचा कंटाळा येतो, तो पासिंगला महिना उरलेला असताना गाडीचं बॉनेट कापायला का निघाला आहे?

दोन दिवसांनी उत्तर मिळालं, असं मला वाटलं. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. आजोबा खालच्या गॅलरीत फोनवर होते. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते मोठ्याने बोलतात, आणि आपण मोठ्याने बोलतो हे त्यांना ठाऊक नसतं. पलीकडे तुमचे बाबा होते. आजोबांचं एकच वाक्य मला पूर्ण ऐकू आलं, पण ते स्वच्छ आलं.

"पासिंगचा दिवस जाईपर्यंत तिला काही बोलू नकोस. माझ्यावर सोड."

उरलेले पापड तसेच ताटलीत घेऊन मी खाली आले.

दुसऱ्या दिवशी आरटीओची कामं करून देणाऱ्या एका एजंटाकडे मी गेले. पासिंगचे कागद विचारायचे होते ते विचारले आणि मग सहज विचारावं तसं विचारलं की एखाद्याने बॉनेटला वरून तोंड पाडलं तर चालतं का. तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मॅडम, कंपनीने दिलीय तशीच गाडी दाखवायची. बॉनेट कापलेलं दिसलं तर साहेब तिथूनच परत पाठवतील." मी विचारलं, मग काय करावं लागतं. तो म्हणाला, नवीन बॉनेट. आणि या मॉडेलचं नवीन बॉनेट कंपनी बनवत नाही.

मी शांतपणे रिक्षाने घरी आले. सगळं जागेवर बसलं होतं. मला तोंडावर नाही म्हणायची दोघांची हिंमत नव्हती, म्हणून गाडीच नापास करायची. तीही प्रेमाने. माझंच इंजिन गार ठेवण्यासाठी.

मी अजूनही त्यांना थांबवू शकले असते. किल्ली माझ्याकडे होती. पण मला बघायचं होतं की ते खरंच कुठपर्यंत जातात. हा माझा दोष आहे, तुम्ही घेऊ नका.

अंबड लिंक रोडच्या एका डेंटरकडे, म्हणजे गाड्यांचे पोचे काढणाऱ्या कारागिराकडे, गाडी गेली. आजोबांनी पेढ्यांच्या खोक्याच्या झाकणाचं आधी पुठ्ठ्याचं तोंड केलं होतं, त्यावरून लाकडाचा साचा केला होता, आणि आता त्यावर पत्रा ठोकायचा होता. डेंटर मूळचा मालेगावचा, पन्नाशीचा, बोलायला गोड. मला बघून म्हणाला, "काकू, नाशकात नाक कापल्याचं लहानपणापासून ऐकतोय. नाक बसवणारे साहेब पहिलेच." आजोबा हसले. मी हसले नाही. त्या दिवसापासून घरात स्कूपला नाक म्हणायला लागले.

तिसऱ्या दिवशी मी न सांगता तिथे गेले. शटर अर्धं खाली होतं. डेंटर वाकून बाहेर आला आणि शटरच्या बरोबर समोर उभा राहिला. रंग ओला आहे, धूळ बसेल, आत नका येऊ, म्हणाला. त्याच्या हाताला रंग नव्हता.

गाडी घरी आली तेव्हा नाक बसलेलं होतं. काम सुबक होतं, हे मला कबूल करावं लागेल. वीतभर रुंद, चार बोटं उंच, कपाटाचा खण थोडा उघडा राहावा तसं. आतून खाली पत्र्याची एक लहान पन्हळ होती आणि तिला नळी, म्हणजे पावसाचं पाणी इंजिनावर न पडता जमिनीवर जावं. तोंडाला जाळी लावायची राहिली होती. त्याबद्दल आजोबांनी मला विचारलं. त्यांनी मला विचारावं याचंच नवल वाटलं.

"तोंडाला जाळी लावावी का गं?"

"लावा. पालापाचोळा आत जाईल नाही तर."

"जाळीने हवा अडते पण." ते माझ्याकडे बघत होते. "किती बारीक जाळी घ्यायची, हे फार महत्त्वाचं असतं."

मी म्हटलं, तुम्ही टूलरूमवाले, तुम्हाला ठाऊक. ते आणखी क्षणभर बघत राहिले आणि मग मोठ्या भोकांची जाळी आणायला गेले.

मला त्या वेळी दुसरंच दिसत होतं. बॉनेटचा रंग दारांच्या रंगाशी जुळत नव्हता, किंचित निळसर होता. आणि उजव्या कोपऱ्यातला पोचा नव्हता. थोरल्या, तो पोचा तुझा. चार वर्षांचा होतास, इथे सुट्टीला आला होतास, आणि बॅट हातातून सुटून गाडीवर आली होती. तू टेबलाखाली लपलास. तो पोचा मी कधी काढू दिला नाही. मेकॅनिक दर वेळी म्हणायचा, काकू, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हणायचे, राहू दे. आता तिथे पत्रा गुळगुळीत होता. मी गुरुवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी घाटात गेले. काटा थोडा कमी चढला. पण चढला. टपरीपाशी मला थांबावंच लागलं.

त्या दुपारी जेवताना मी बोलले.

"हे असलं बॉनेट पासिंगला चालत नाही. ठाऊक आहे ना?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"त्या दिवशी बघू."

"तुम्ही आणि तो, दोघांनी मिळून ठरवलंय. मला सरळ सांगता येईना, म्हणून गाडीला नापास करायचं."

आजोबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "असं वाटतं तुला?"

"माझ्याकडे पुरावे आहेत."

"मग जपून ठेव," ते म्हणाले, आणि ताक प्यायले.

त्यानंतर पासिंगपर्यंतचे दिवस आम्ही फक्त कामापुरतं बोललो. गॅस बंद केला का, पाणी आलं का, एवढंच. तुमच्या बाबांचा रविवारी फोन आला, त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. त्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. मी आश्रमशाळेतल्या मुलींना सांगितलं की पुढच्या महिन्यापासून कदाचित जमणार नाही. नववीतली एक मुलगी, जी कधी बोलत नाही, तिने विचारलं, "मग आमचा अर्धा धडा?" मी फळा पुसायला घेतला.

पासिंगच्या दिवशी सकाळी मी फाइल लावून ठेवली. गाडी नापास होणार हे ठरलेलं होतं, तरी कागद नीट असावेत. आंघोळ करून पूजेला बसले. पूजा आटोपून बाहेर आले, तर पोर्चमध्ये डेंटर शेवटचा बोल्ट आवळत होता आणि आजोबा स्टुलावर बसून त्याला पाना देत होते. बॉनेटवर नाक नव्हतं. भोकही नव्हतं. रंग दारांसारखाच होता.

उजव्या कोपऱ्यात पोचा होता.

मी हात लावून पाहिला. तोच. अंगठा बसेल एवढा, एका बाजूला रंगाचा टवका उडालेला.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"माळ्यावर होतं," आजोबा म्हणाले.

डेंटर हसत होता. त्याने सगळं सांगितलं. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मूळ बॉनेटला ओरखडा पडता कामा नये. म्हणून त्याने मालेगावहून जुन्या गाड्यांच्या भंगारातून याच मॉडेलचं दुसरं बॉनेट आणलं आणि कापलं ते. मी शटरपाशी गेले तेव्हा आत दोन बॉनेटं होती. मूळ बॉनेट रिक्षा टेम्पोतून आमच्याच घरी आलं, मी मंडईत गेले होते तेव्हा, आणि एका जुन्या चौकटीच्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं. ती चादर मी बोहारणीला द्यायला काढली होती, म्हणून ती नाहीशी झालेली माझ्या लक्षात आलं नाही.

आजोबा म्हणाले, "मूळ नगाला कुणी हात लावतं का? आधी दुसरा नग घ्यायचा आणि कापाकापी त्याच्यावर करायची. सगळं आयुष्य हेच केलं मी."

हे मला ठाऊक असायला हवं होतं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात माझं घड्याळ बंद पडलं, तेव्हा त्यांनी जुन्या बाजारातून तसलंच बंद घड्याळ आणून आधी ते उघडलं होतं.

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे? तू निकाल दिलास."

आणि फोनवरचं ते वाक्य? तेही मी विचारलं, डेंटरसमोरच. आजोबांनी कपाळाला हात लावला. तुमच्या बाबांनी त्यांना सांगितलं होतं की आईला समजवा. आजोबा म्हणाले होते, पासिंगपर्यंत गप्प बस. एकदा गाडी पास झाली की पाच वर्षं तुला बोलायला जागाच उरणार नाही.

डेंटर चहा न घेताच निघून गेला. शहाणा माणूस.

आरटीओत जायला अजून तासभर होता. इंजिनाची दर्शनी बाजू पुसून घ्यावी म्हणून मी बॉनेट उघडलं, ओला फडका घेतला आणि पुढच्या बाजूने सुरुवात केली. पुढची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटं घातली, तर बोटांना काहीतरी मऊ लागलं. कापडासारखं. वाकून पाहिलं. काळी शेडनेट होती, द्राक्षबागेवर सावलीसाठी टाकतात ती, दुहेरी करून पूर्ण रेडिएटरसमोर ताणून बांधलेली. मेलेले किडे, धूळ आणि पाला यांनी ती इतकी भरली होती की पलीकडचं दिसत नव्हतं.

मी फडका ठेवला आणि आत जाऊन वही काढली. गाडीची नाही, घराची. "उंदीर" या सदरात, पावसाळा संपतानाच्या पानावर, माझ्याच अक्षरात होतं: गाडीच्या वायरी कुरतडल्या. भाचीकडून दिंडोरीहून शेडनेटचा तुकडा आणला. पुढून बांधला. सुतळी, चार तुकडे.

उंदीर घराचे, म्हणून नोंद घराच्या वहीत. गाडीची वही मी तीनदा वाचली होती.

हवा अडवणारी मीच होते.

कात्री घेऊन मी परत गेले. आजोबा आत दाढी करत होते. तीन कोपऱ्यांची सुतळी कापली. चौथ्या कोपऱ्यावर सुतळी नव्हती. तिथे बारीक तार होती, पकडीने पीळ दिलेली, आणि तिची टोकं आत वळवलेली, म्हणजे कुणाच्या हाताला लागू नयेत. तार वापरली असती तर मी तसं लिहिलं असतं. आणि तारेची टोकं आत वळवायची सवय मला नाही; ती घरात एकाच माणसाला आहे, आणि जाळीने हवा अडते हे त्याने मला सांगून पाहिलं होतं.

मी जाळीची घडी केली, कागदात गुंडाळली आणि शिवणाच्या खणात ठेवली. आजोबा बाहेर आले, त्यांनी उघडं बॉनेट पाहिलं, माझे काळे हात पाहिले आणि म्हणाले, "झालं पुसून? चल मग."

गाडी पास झाली. आरटीओच्या साहेबांनी नंबर पाहिले, दिवे लावून पाहिले, ब्रेक पाहिला, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, मॅडम, इंजिन स्वच्छ ठेवलंय. पाच वर्षं.

पहिल्या गुरुवारी मी साध्या बॉनेटनेच गेले. तिसरं वळण आलं, चौथं गेलं, काटा मध्यावरून हलला नाही. टपरीपाशी मी सवयीने थांबले. टपरीवालीने बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवून म्हणाली, "आज गार हाय की." मुलींचा अर्धा धडा पूर्ण केला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आजोबा पोर्चमध्ये होते. नाकाचं बॉनेट त्यांनी माळ्यावरून उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि ते त्याची जाळी ब्रशने साफ करत होते.

"काटा?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हालाही बोलू देत नाही. त्या पुठ्ठ्याच्या झाकणापासून त्या नळीपर्यंत सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

"चढला थोडा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ब्रश झटकला. "मग नाक बसवायलाच हवं," ते म्हणाले आणि पाने आणायला आत गेले.

असं बॉनेट लावायला परवानगी लागते. मी रीतसर अर्ज केला आहे, आकृतीसह, आणि त्याची पोच फाइलला आहे. उत्तर आलेलं नाही. तोवर दर गुरुवारी ते लावून मी जाते ते नियमात बसत नाही, हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की आजीला ठाऊक नव्हतं.

नाक बसल्यावरच्या पहिल्या गुरुवारी आजोबा माझ्याबरोबर आले. म्हणाले, कसं चालतं ते डोळ्यांनी बघतो. मी घाट चढताना रस्त्याकडे जितकं पाहिलं, तितकंच त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. पळस फुलले होते, ते त्यांनी मला दाखवले. टपरीवाली दिसली तेव्हा तिला हात केला. वर पोचल्यावर म्हणाले, "बघ, काम करतं." मी म्हटलं, "हो, करतं."

पण ज्या माणसाने महिनाभर खपून ते नाक घडवलं, त्याने सबंध घाटात काट्याकडे एकदाही पाहिलं नाही.